टेलर म्हणजे कापणारा

त्या माणसाला तोंडावर सगळे सर म्हणायचे आणि पाठ वळली की मूळव्याध. नाव कुणी ठेवलं ते आजवर कुणी कबूल केलेलं नाही, पण बसलं असं फिट, की सरांच्या सख्ख्या बायकोच्या तोंडून एकदा भर दुकानात निसटलं आणि तिनं जीभसुद्धा चावली नाही. चावायची कशाला? दुखणं तेच होतं. इंग्रजी शब्द दिसला की त्याचं मूळ उकरायचं. "सर, कपात चहा ओतू का?" असं विचारायची सोय नव्हती. सर कपाच्या मुळाशी जाऊन परत येईपर्यंत चहावर साय धरायची, सायीवर माशी बसायची, माशीला नातवंडं व्हायची. बायको एकदा रुसून माहेरी गेली, तीन महिने राहून परत आली, तर म्हणाले, "अगं, मघाशी कुठं गेली होतीस?" वाइफ या शब्दाचं मूळ चाललं होतं त्यांचं.

शाळेत चाळीस वर्षं इंग्रजी शिकवलं. हाताखालून गेलेल्या एकाही पोराला इंग्रजीत धड पाणी मागता येत नाही, पण 'स्कूल' या शब्दाचं मूळ ग्रीकांच्या फुरसतीत आहे, हे मात्र सगळ्यांना पाठ. फुरसत सरांनीही काही कमी घेतली नाही.

तर अशा माणसाच्या जिभेवर धाकटीचं पोट टांगलं गेलं होतं.

धाकटी म्हणजे बाजाराच्या जुन्या रांगेतल्या टेलरच्या दुकानाची धाकटी सून. दुकान सासऱ्यांनी काढलं. थोरला मुलगा पुढे कात्रीवर, धाकटा मागे मशीनवर, अशी वाटणी त्यांनीच लावून दिली. धाकटा गेला त्याला अकरा वर्षं झाली. तो गेल्यावर महिन्याभरात धाकटी त्याच्या मशीनवर बसली. पायात बळ येईना म्हणून पहिले आठ दिवस हातानं चाक फिरवून शिवलं. नवव्या दिवशी पाय चालायला लागले, ते अजून थांबलेले नाहीत. पदरात एक मुलगी होती, ती त्याच मशीनवर शिकली-सवरली, नोकरीला लागून लांब गेली. धाकटी आणि मशीन तेवढे मागे राहिले.

दुकान कसलं, आगपेटी. पुढे फळीचं टेबल, मागे मळकट हिरवा पडदा, पडद्यामागं मशीन आणि मशीनच्या वर बिस्किटाच्या पुड्याएवढी खिडकी. गिऱ्हाइकाला दिसायचा तो फक्त थोरला. त्याला सगळे मास्टर म्हणायचे. गळ्यात टेप, कानावर खडू आणि चेहरा असा, की जगातली पहिली विजार यानंच कापली आणि त्याआधी सगळे उघडेच हिंडत होते. टेप तो जेवतानाही काढायचा नाही. झोपतानाही नाही, असं थोरली जाऊ सांगायची. आता ते तिचं तिला माहीत.

आणि या मास्टरला चार वर्षांपासून दिसत नव्हतं. म्हणजे माणूस दिसायचा, म्हैस दिसायची, खडूची रेघ दिसायची नाही. चष्मा घ्या म्हटलं की उसळायचा, "मास्टरच्या नाकावर चष्मा? गिऱ्हाईक काय म्हणेल?" मग एक बाही दोन बोटं लांब, बगलेचा एक मुंढा खाली आणि कॉलरीची दोन टोकं अशी, जशी भांडण झालेली भावंडं. पडद्यामागं गठ्ठा आला की धाकटी आधी कात्री घ्यायची आणि मग सुई. लांब ते छाटायचं, आखूड ते शिवणीत दाबलेलं कापड सोडून पुरवायचं, वाकडं ते अस्तराखाली निजवायचं. बाहेर लोक म्हणायचे, "मास्टरच्या कापाला तोड नाही." तोड नव्हतीच. जोड होती, ती पडद्यामागं.

धाकटीनं हे कधी बोलून दाखवलं नाही. मोराला नाचायचंय, नाचू दे. शेत काही तो नांगरत नाही, असं तिचं गणित. काम होतंय, चूल पेटतेय, मिरवणाऱ्यानं मिरवावं.

मग जुनी रांग पाडायचं ठरलं. रस्त्यापलीकडच्या मोकळ्या जागेत तीन मजली काचेचं शॉपिंग सेंटर उभं राहिलं आणि जुन्या दुकानदारांना त्यात एकेक गाळा मिळणार झाला. त्यासाठी कमिटी बसली. कमिटीचा अध्यक्ष असा माणूस, की त्यानं जन्मात सुतळीचा तोडा विकला नव्हता, पण विकणाऱ्यांचा पुढारी मात्र तोच. त्याला इंग्रजीतला एकच शब्द यायचा, नाइस, आणि तो त्यावर बारा महिने भागवायचा. नळ आला, नाइस. छप्पर गळालं, नाइस. आणि अशा माणसानं फॉर्म छापले ते इंग्रजीत. का, तर काचेच्या इमारतीला शोभायला नकोत?

नियम सोपा होता. एका धंद्याला एक गाळा. टेलरच्या फॉर्मवर दोन ओळी होत्या. वर टेलर, खाली हेल्पर. गाळा टेलरच्या नावावर व्हायचा. हेल्परच्या नावावर स्टूलसुद्धा नाही.

"अगं ए धाकटे," मास्टरनं पडदा बाजूला करून फॉर्म पुढे केला, "इथं सही कर."

"कुठं?"

"खालच्या ओळीत. हेल्पर."

"आणि वर?"

"वर मी आहे. दिसत नाही?"

दिसत नाही कुणाला, हे धाकटीच्या ओठावर आलं होतं, ते तिनं दोऱ्यासारखं दातानं तोडलं. "भाऊजी, नव्या दुकानात माझं मशीन कुठं बसायचं?"

"मशीन?" मास्टर असा हसला जसं तिनं बैल कुठं बांधू विचारलं. "काचेच्या दुकानात खडखड शोभते का? शिवण आता कारखान्यात टाकायची. इथं फक्त माप आणि काप. तुझं काही काम निघालं तर धाडीन की सांगावा."

अकरा वर्षं, आणि सांगावा धाडीन की. धाकटीनं सही केली नाही. दुपारी कमिटीच्या ऑफिसात जाऊन तिनं दुसरा कोरा फॉर्म आणला, वरच्या ओळीत स्वतःचं नाव लिहिलं आणि मास्टर जेवायला गेलेला पाहून देऊन आली.

संध्याकाळी स्वयंपाकघरात थोरलीनं विचारलंच. "वरच्या ओळीत लिहिलंस म्हणे?"

"लिहिलं."

"बरं केलंस."

"जाऊबाई, तुमच्या नवऱ्याच्या विरुद्ध आहे ते."

"माझ्या नवऱ्याच्या विरुद्ध त्याचे डोळेसुद्धा आहेत. काल कढईत तेल म्हणून फिनेल ओतायला निघाला होता." थोरलीनं पोळपाटावर लाटणं आपटलं. "शिवण कारखान्यात गेली ना, तर महिन्याभरात लोक एक पाय लांब एक पाय आखूड अशा विजारी घालून लंगडत आमच्या दारात येतील. मारायला मला धरतील, त्याला नाही. तो आत लपेल. तू तिथं हवीस बाई. माया म्हणून सांगत नाही हं, जिवाची भीती म्हणून सांगते."

कमिटीपुढं दोन फॉर्म गेले, दोन्हींवर टेलर. अध्यक्षांनी ते उलटे धरून पाहिले, सुलटे धरून पाहिले, आणि म्हणाले, शब्द इंग्रजी आहे, तर इंग्रजीवाल्याला विचारू. म्हणजे मूळव्याध आलीच.

सर आले ते जाडजूड कोश काखेत मारून. अशा थाटात, की कोश यांनीच बाळंत होऊन घरी आणलाय. खिशाला चार पेनं, चारही वाळलेली. कमिटीचे नऊ जण एका बाजूला, मास्टर आणि धाकटी दुसऱ्या बाजूला, मध्ये टेबल. धाकटीला खुर्ची कुणी दिली नाही. ती मागून घ्यायचीही नाही.

"प्रश्न काय आहे?" सर म्हणाले.

"टेलर म्हणजे कोण?" अध्यक्ष म्हणाले. "तेवढं सांगितलंत की नाइस होईल."

"नाइस!" सरांचे डोळे लकाकले. "अध्यक्ष, नाइसचं मूळ माहीत आहे? लॅटिनमध्ये त्याचा अर्थ अडाणी. जुन्या इंग्रजीत कुणाला नाइस म्हटलं की मूर्ख म्हटल्यासारखं होतं."

अध्यक्षांचा चेहरा उतरला. गेली वीस वर्षं ते स्वतःच्या भाषणालाही नाइस म्हणत आले होते. बाकीचे आठ जण छताकडे पाहायला लागले.

"टेलर सांगा, टेलर," अध्यक्ष घाईनं म्हणाले.

सरांनी घसा खाकरला. इंग्रजांनी हा शब्द फ्रेंचांकडून उचलला, म्हणाले, आणि नाकातून एक आवाज काढला. सर्दी झाली वाटून एकानं रुमाल पुढे केला, पण तो फ्रेंच शब्द होता. "याचा अर्थ कापणं! टेलर म्हणजे कापणारा. त्याच घरातला डिटेल, म्हणजे बारीक तुकडे करणं. त्याच घरातला रिटेल, म्हणजे तुकड्या-तुकड्यानं विकणं. सगळं खानदान कापाकापीचं. शिवण्याचा या शब्दाशी काडीचा संबंध नाही."

मास्टरनं गळ्यातली टेप अशी ओढली जशी ती सोन्याची.

"सर," धाकटी म्हणाली, "शिवल्याशिवाय अंगात घालायचं कसं?"

"तो तुमचा प्रश्न. शब्दाचा नव्हे. मुळात जो अर्थ, तोच खरा. नंतरचे अर्थ म्हणजे लोकांनी घातलेला घोळ."

"लोकांनीच शब्द काढला ना पण? का तुम्हाला विचारून काढला?"

दोघे-तिघे हसले. सरांनी कोशावर थाप मारली, धूळ उडाली आणि ते शिंकले. या खेपेला फ्रेंच नव्हतं.

धाकटीनं मग आवाज मऊ केला. तिला त्यांचं दुखणं ठाऊक होतं. खाजवलं की थांबायचे नाहीत. "फार खोल जाता हं सर तुम्ही. आणि त्याच्याही आधी काय होतं?"

"त्याच्याही आधी!" सर खुर्चीतून उठलेच. "शाब्बास. असा प्रश्न चाळीस वर्षांत कुणी विचारला नाही. त्याच्या आधी लॅटिन. लॅटिनमध्ये कापलेली काठी. झाडाची छाटलेली डहाळी, जमिनीत रोवायला घेतात ती."

"म्हणजे मुळात टेलर म्हणजे काठी?"

"मुळात, हो."

"आणि मुळात जो अर्थ तोच खरा?"

"अर्थातच."

"मग गाळा काठीला द्या," धाकटी म्हणाली. "भाड्याचं तेवढं तिच्याशी बोलून घ्या."

आता खोटं कशाला सांगा, तिथं एखादा शहाणा असता तर विषय तिथंच मिटला असता. पण कमिटीत नऊ जण होते, म्हणजे शहाणपणाला बसायला जागाच नव्हती. ते पोट धरून हसले, डोळे पुसले, आणि हसून झाल्यावर अध्यक्ष म्हणाले, "काठीला गाळा देता येत नाही. मग उरला कापणारा." आठही माना हलल्या. भोपळ्याच्या वेलावर वारा यावा तशा.

सरांना एवढ्यावर थांबवलं असतं तर ते सर कसले? "नुसतं सांगून उपयोग नाही," म्हणाले, "शब्द जिवंत करून दाखवला पाहिजे. मास्टरांनी सगळ्यांसमोर कापून दाखवावं. म्हणजे पुढे कुणाला शंका नको."

अध्यक्षांना ही कल्पना फार... तो शब्द त्यांच्या तोंडाशी आला आणि त्यांनी गिळला. सेंटरच्या उद्घाटनाला घालायच्या कोटाचं कापड त्यांनी आणूनच ठेवलं होतं. गडद निळं, वरून रेशमासारखं चमकणारं, उलट्या बाजूनं चुलीतल्या राखेसारखं. तेच टेबलावर पसरलं.

मास्टरनं बाह्या सरसावल्या. कागदी साचा ठेवला, खडू फिरवला, कात्री चालवली. कोटाची पुढची डावी बाजू निघाली. त्यानं ती दोन्ही हातांनी उंच धरली आणि नऊ जणांनी टाळ्या वाजवल्या. सरांनी तर "बघा, मूळ बोलतंय!" अशी आरोळी ठोकली. बस्स. तिथं मास्टर चढला. कुणी पाजली नाही, टाळ्यांनीच चढला. दुसरी बाजू कापायला त्यानं साचा पुन्हा ठेवला, तो जसाच्या तसा. उलटा केलाच नाही.

आता हे सहा महिने शिवण शिकलेल्या पोरीलाही कळतं. डाव्या चपलेचा साचा पालथा न करता पुन्हा कापलात की दुसरी डावी चप्पलच निघणार. मास्टरनं अध्यक्षांच्या पोटाच्या दोन डाव्या बाजू कापल्या. नऊ जणांच्या अठरा डोळ्यांना दिसलं नाही, सरांच्या चष्म्याला दिसलं नाही, आणि ज्यानं कापलं त्याला तर दिसण्याचा प्रश्नच नव्हता. दाराशी उभ्या असलेल्या धाकटीला दिसलं. तिचा हात कात्रीसाठी आपोआप पुढे झाला आणि तिनंच तो मागे घेतला.

कमिटीनं मास्टरच्या फॉर्मवर बरोबरची खूण करून ठेवली. उद्घाटनाच्या दिवशी अध्यक्ष सही करणार, किल्ली देणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी गठ्ठा पडद्यामागं आला. नेहमीसारखा, टेबलावरून ढकललेला.

"भाऊजी, जरा इकडे या."

"काय आहे?"

"हे बघा. दोन्ही बाजू डाव्या आहेत. साचा पालथा करायचा राहिला."

मास्टरनं दोन्ही तुकडे डोळ्यांपाशी धरले, लांब धरले, खिडकीकडे धरले. दिसलं काहीच नाही. दिसत नाही म्हणायची हिंमत त्याहून नाही. "माझा काप चुकला म्हणतेस? नऊ माणसांसमोर कापलाय."

"नव्वद असती तरी डावं ते डावंच. अध्यक्षांकडे कापड उरलंय. एक बाजू बसेल त्यात. मागवा नि कापा, कुणाला कळायचं नाही."

"मागवू? म्हणजे मी चुकलो असं जगाला सांगू?" मास्टरचा आवाज चिरकला. "हे बघ, कोशात निघालंय. मी टेलर, तू हेल्पर. हेल्परनं टेलरला शिकवायचं नाही. शिव म्हटलं की शिवायचं. जसं कापलंय तसं!"

"जसं कापलंय तसं?"

"तसंच!"

"आणि ट्रायल?"

"माझ्या कापाला ट्रायल लागत नाही."

धाकटीनं मान डोलावली. चार वर्षांत पहिल्यांदा तिनं आधी कात्री घेतली नाही. सरळ सुईत दोरा ओवला. एक डावी बाजू चमकती वर ठेवून जोडली. दुसरी उजवीकडे बसवायची तर पालथीच घालावी लागणार. घातली, राख वर ठेवून. आणि शिवण अशी केली, बाई, अशी केली, की टाका शोधायला मुंगीला पाठवावं. अस्तर तुळतुळीत, काजं कशी डोळ्यांसारखी, कॉलर ताठ. तिसऱ्या दिवशी कोट पिशवीत घालून वर दोरी बांधली. मास्टरनं पिशवी उघडून पाहिली नाही. पाहिली असती तरी काय मोठं!

उद्घाटनाच्या सकाळी कमिटीच्या खोलीत अर्धवट अंधार होता. अध्यक्षांनी कोट अंगात घातला, पोट आत घेतलं, बटणं लावली. मापाला अगदी बरोब्बर बसला. मास्टरनं खांद्यावरची नसलेली धूळ झटकली. सर कोश घेऊन हजर होतेच. 'गाळा' शब्द इंग्रजी नाही म्हणून थोडे उदास होते. थोरली आणि धाकटी दाराशी उभ्या.

"चला," अध्यक्ष म्हणाले, आणि काचेच्या मोठ्या दारातून बाहेर उन्हात आले.

बाहेर दोनशे माणूस जमलेलं. मागून कुणीतरी पोट फुटल्यासारखं हसलं आणि मग धरणच फुटलं. डावीकडून अध्यक्ष चमचम करत होते, उजवीकडून राख. डावीकडून बघावं तर नवरदेव, उजवीकडून बघावं तर उधारी बुडालेला सासरा. "अध्यक्ष, उरलेला अर्धा कधी येणार?" असं कुणी ओरडलं. काचेत स्वतःचं ध्यान दिसल्यावर अध्यक्ष जे मागे वळले ते खोलीत शिरेपर्यंत थांबले नाहीत.

"कुणी केलं हे?" कोट ओरबाडून त्यांनी टेबलावर आपटला. "टेलर कोण आहे?"

मास्टर दोन पावलं मागं सरला. "अध्यक्ष, शिवण... शिवण चुकली आहे."

"शिवण कशी चुकेल?" सर उत्साहानं पुढं झाले; घर जळत असलं तरी हे फायर या शब्दाचं मूळ सांगतील. "कोटाचा कर्ता टेलर. टेलर म्हणजे कापणारा. म्हणजे दोष कापाचा. मूळच तसं आहे!"

अध्यक्ष मास्टरकडे वळले. "कापलं तुम्ही. माझ्यासमोर."

"मी... मी नुसतं कापलं हो!" मास्टरनं गळ्यातली टेप घाईनं सदऱ्यात कोंबली. "नुसत्या कापण्यानं कोट होतो का? कापायला काय, उंदीरसुद्धा कापतो! कोट करतो तो शिवणारा. आख्ख्या जगात कुणालाही विचारा, टेलर म्हणजे शिवणारा. ती टेलर आहे! तिला विचारा! मी आपला कापून देणारा, हाताखालचा माणूस!"

थोरलीनं तोंडाला पदर लावला.

"भाऊजी," धाकटी शांतपणे म्हणाली, "पुन्हा बोला. सरांना ऐकू आलं नसेल."

"ती टेलर आहे!" मास्टर बेंबीच्या देठापासून ओरडला. भेदरलेल्या माणसाला सांगावं लागत नाही, तो स्वतःहून दोनदा बोलतो.

"सर?" अध्यक्ष गरजले.

सरांनी घाईनं कोश उघडला. पानं उलटली, घाम पुसला. मूळ मागं पडलं आणि वरचा, आजचा अर्थ पहिल्यांदाच वाचायची वेळ आली. "कोशात... म्हणजे आज चालू असलेला अर्थ... कपडे बेतणारा आणि शिवून देणारा. शब्द, अध्यक्ष, मुळातून निघतो, पण फांदीवर राहतो."

"मग चार दिवसांपूर्वी फांदीवर का नाही चढलात?" थोरली पदराआडून म्हणाली.

अध्यक्षांना शब्दाशी काही घेणं नव्हतं. दोनशे माणसं हसली होती आणि त्यांना एक गुन्हेगार पाहिजे होता, सहीशिक्क्यासकट. त्यांनी दोन्ही फॉर्म टेबलावर टाकले. "बाई, तुम्ही टेलर आहात हे मान्य?"

धाकटीनं मास्टरकडे पाहिलं. कपाळावर घाम, डोळे तिच्यावर लागलेले, आणि तिच्या मागची भिंतही त्यांना धड दिसत नसणार. तिला तिथं सगळं सांगता आलं असतं. दोन डाव्या बाजू, साचा, पडद्यामागची चार वर्षं. पण सांगितलं असतं तर मास्टर कापणाराच राहिला असता आणि फॉर्मही त्याचाच.

"मान्य," ती म्हणाली. "टेलर मी. म्हणून कोटाचा दोषही माझा. उरलेलं कापड द्या, तासाभरात उजवी बाजू नवी बसवून देते. तोवर भाषणं करा, ती नाहीतरी तासभर चालतात. फक्त भाऊजी आत्ता जे बोलले, ते त्यांच्या हातानं खाली लिहून द्यायला सांगा. पुढे वाद नको."

मास्टरनं पेन घेतलं. सरांनी आपलं दिलं होतं, ते वाळलेलं निघालं. अध्यक्षांनी दुसरं दिलं. स्वतःच्या फॉर्मवरचं स्वतःचं नाव मास्टरनं आडवी रेघ मारून खोडलं, धाकटीच्या फॉर्मवर लिहिलं की हीच टेलर आणि माझी हरकत नाही, आणि सुटलो एकदाचा असा भुस्सकन श्वास सोडला. अध्यक्षांनी रागारागात धाकटीच्या नावापुढं सही ठोकली. गुन्हेगाराचं नाव लिहिल्यासारखी, खोल. किल्ली मास्टरच्या फॉर्मला टाचलेली होती, ती उपटून तिच्यापुढं टाकली.

"काय लिहून दिलंत कळलं का?" थोरलीनं नवऱ्याला विचारलं.

"माझा काय संबंध त्या कोटाशी?" मास्टर म्हणाला.

"कोटाशी नाही हो. गाळ्याशी."

मास्टर आपणच मारलेली रेघ शोधायला फॉर्मवर नाक टेकवून वाकला. तेवढ्या वेळात धाकटी कापड घेऊन जुन्या दुकानाकडे निघालीसुद्धा. तिथं तिनं साचा टेबलावर पालथा ठेवून खडूनं रेघ मारली, उजवी बाजू कापली आणि तासाच्या आत कोट अध्यक्षांच्या अंगावर चढवला. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. लोकांना पहिलाच कोट जास्त आवडला होता.

काचेच्या गाळ्यात मशीन पुढेच बसलं, दाराशी, खडखडीसकट. मास्टर पंधरा दिवस घरी फुगून बसला. मग थोरलीनंच त्याला दुकानात आणून सोडलं, घरात फिनेल संपत आलं म्हणून. धाकटीनं त्याला इस्त्री दिली. कात्री मागितली तेव्हा म्हणाली, "भाऊजी, चष्मा आणा आणि कात्री घ्या." चष्मा अजून आलेला नाही. इस्त्री मात्र झकास करतो. कढत लोखंडापुढं कुणाचंच मास्टरपण टिकत नाही.

आणि लोकांचं तोंड काय, ते कुठल्या काजात बसत नाही. एक गिऱ्हाईक कापड टेबलावर टाकून दात काढत म्हणालं, "काय हो, तो अर्धा-अर्धा कोट तुम्हीच केला होतात ना?"

"मीच," धाकटी तोंडातल्या टाचण्या न काढता म्हणाली. "हात वर करा. छातीचं माप घ्यायचंय."